जिंकलेल्या डावातली बरोबरी

माझ्या बुद्धिबळाच्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला माझा परिचय छापलाय: माजी राज्यस्तरीय खेळाडू, अनुभवी प्रशिक्षक, लेखक. हा परिचय मीच लिहून दिला होता. आज वाचला की अंगाचा तिळपापड होतो. कारण प्रशिक्षक म्हणवून घ्यायची लायकी मी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, दहा मिनिटांत घालवली होती.

खेळाडू म्हणून मी मोठा नव्हतो. विमा कंपनीत नोकरी करायची, रजा साठवायच्या आणि त्या स्पर्धांमध्ये घालवायच्या, असं पंधरा वर्षं चाललं. रेटिंग घसरायला लागलं तेव्हा भाईंदर पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांत मुलांना शिकवायला लागलो. पुढे शांती नगरातल्या एका अकादमीने बोलावलं. एसी हॉल, भिंतभर चषक. मालकाला हत्ती कसा चालतो तेही धड माहीत नव्हतं, पण कोणाच्या पालकांशी कसं बोलायचं ते पक्कं ठाऊक होतं.

तिथे ती आली. तेरा वर्षांची, किनाऱ्यावरच्या तारोडी गावची. दोन बस बदलून यायची. बापाची होडी होती. मासेमारी बंद असते त्या दिवसांत तो आणि त्याचे सोबती पट मांडून बसायचे, त्यांच्यात बसून ही खेळायला शिकली. पहिल्या दिवशी आई सोबत आली होती. दारातच उभी राहून म्हणाली, "मास्तर, ही हरली तर जेवत न्हाय. जरा संभाळून घ्या."

मी संभाळून घेईन म्हणालो.

दोन वर्षांत ती माझ्या हाताखालची सगळ्यात चांगली खेळाडू झाली. पुस्तकं सगळी इंग्रजीत, म्हणून मी तिच्यासाठी वहीत मराठीत डाव उतरवून द्यायचो. मी उत्तर सांगायला लागलो की ती हात आडवा करायची. "थांबा सर, मला बघू दे." आणि बघायची. वीस-वीस मिनिटं.

मग जिल्ह्याची निवड स्पर्धा आली. मुलींमध्ये एकच जागा होती. शेवटच्या फेरीत ही आणि आमच्याच अकादमीतली दुसरी एक मुलगी समोरासमोर आल्या. दुसरी अर्ध्या गुणाने पुढे होती, तिला बरोबरी पुरेशी होती. हिला जिंकायलाच हवं होतं. दुसरीचे वडील बिल्डर. आमचा हॉल त्यांच्याच इमारतीत.

सुट्टीत मालकाने मला जिन्याखाली गाठलं. "सर, दोनों अपनी ही बच्ची हैं. ड्रॉ कर लेने दो. मच्छीवाली का नंबर अगले साल."

मच्छीवाली. दोन वर्षं तिचं नाव रोज हजेरीत वाचत होता हा माणूस. तेव्हाच मी त्याला सुनावायला हवं होतं. मी काय केलं? मान डोलावली. विमा कंपनीतली नोकरी सोडून बसलो होतो, घरी दोन मुलांचं शिक्षण चालू होतं, हे सगळं त्या क्षणी मला फार थोर कारण वाटलं.

ती पायरीवर बसून डबा खात होती. मी म्हणालो, "वीस-बावीस चालींनंतर बरोबरी माग. पुढच्या वर्षी तुझंच आहे."

तिने घास तसाच हातात धरला. "का सर?"

"सांगतोय ना. ऐक."

"मी जिंकेन सर."

"माहितेय मला," मी म्हणालो. हे दोन शब्द मला अजून छळतात. माहीत होतं आणि तरी.

ती पांढरी मोहरी घेऊन खेळायला बसली. वीस चाली झाल्या, तीस झाल्या, तिने काही मागितलं नाही. मालक दारातून माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. तिने एक प्यादं खाल्लं, मग दुसरं. शेवटी तिचं प्यादं सातव्या रांगेत पोचलं. आता एकच घर, की त्याचा वजीर. समोरची मुलगी रडायला लागली होती. टेबलाभोवती पालक जमले होते. पण हिने ते प्यादं पुढे ढकललं नाही. हत्तीची एक निरुपयोगी चाल केली, मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं, आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "बरोबरी?"

त्या मुलीने लगेच हात पुढे केला. पंचाने दोनदा विचारलं, "नक्की ना?" ती म्हणाली, "हो. सरांना विचारा."

मी बुटांकडे बघत होतो.

सोमवारी ती आली नाही. नंतर कधीच नाही. आणि मी? मी आणखी दीड वर्ष त्याच हॉलमध्ये शिकवत राहिलो.

अकादमीतून बाहेर पडल्यावर तिच्यासाठी उतरवलेल्या डावांचं पुस्तक केलं. त्यात हा डावही घातला. खाली लिहिलं: 'पांढऱ्याने इथे घाईने बरोबरी मागितली. विजय दोन चालींवर होता.' आणि पुढचा डाव उतरवायला घेतला.

काही वर्षांनी एका रविवारी दारावरची बेल वाजली. ती होती. आता भाईंदरमध्ये पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतेय. सहकारी बाईंच्या मुलीकडे तिला पुस्तक दिसलं होतं. बस म्हटलं तर बसली नाही. पान उघडून माझ्यासमोर धरलं.

"घाईने? मी घाई केली सर?"

"मी माफी मागतो. खरंच..."

"माफी नको. डाव माझा, हार तुमची. आणि छापलं काय, तर चूक माझी! खरं काय झालं ते छापा."

प्रकाशकाला फोन केला तर तो हसला. "सर, बुद्धिबळाच्या पुस्तकात असलं कशाला?" आयुष्यात पहिल्यांदा मी कोणावर तरी ओरडलो. खरं म्हणजे फार उशिरा आणि चुकीच्या माणसावर. पण दुसऱ्या आवृत्तीत अर्धं पान मिळवलं.

मजकूर लिहून तिला लॅबमध्ये दाखवायला नेला. तिने काउंटरवर उभ्या उभ्या वाचला. 'प्रशिक्षकाने नाइलाजाने तिला बरोबरी करायला सांगितली' या ओळीवर थांबली. पेन मागितलं आणि 'नाइलाजाने' खोडलं.

"आता ठीक हाय," म्हणाली.

मी विचारलं, पुन्हा खेळशील का, कधीतरी, नुसतं घरी?

"न्हाय," ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.