गब्रूची ग्रेड

आमच्या पूर्णेच्या वाचनालयात पुस्तकं जमत नाहीत, किस्से मात्र जमतात. पुस्तक कुणीतरी आणून द्यावं लागतं. किस्सा दार उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसलेला असतो. मित्र भेटले की म्हणतात, "ते इंग्रजी पुस्तकाचं सांग ना!" आता ते एकटं सांगता येत नाही. एकाला हात घातला की बाकीचे सगळे ओढले जातात. तर सगळेच ऐका.

*

मी शिष्यवृत्तीवर थेट निलगिरीतल्या शाळेत शिकलो, मुंबईला बी.ए. झालो आणि नोकरीसाठी एकही अर्ज न करता पूर्णेला परत आलो. मुलांसाठी वाचनालय काढायचं, बस्स! मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादानं तेव्हा गावोगावची मनं फाटली होती. मी ठरवलं, आपल्या खोलीत एकच सतरंजी आणि कुणालाही आडनाव विचारायचं नाही.

उद्घाटनाला मी एवढं बोललो की हाराची फुलं सुकली. शेवटी हात उंचावून म्हणालो, "मुलांनो, इथलं प्रत्येक पुस्तक तुमचं आहे!"

माझे धोंडूमामा पेडगावचे. शेळ्या-मेंढ्यांचा व्यापार. ते मागून ओरडले, "भाचेबुवा, भाषन लय झ्याक झालं. पन पुस्तकं कुठं हायेत?"

कपाटात खतांची सरकारी पत्रकं होती, फवारणीच्या पुस्तिका होत्या आणि कुणाच्या तरी लग्नाच्या उरलेल्या पत्रिका.

मामांचा एक बोकड त्या दिवशी दाराशी बांधलेला होता. भाषण संपेपर्यंत त्यानं युरियाचं पत्रक पूर्ण संपवलं. आमचा पहिला वाचक! पुढे मामा येत तेव्हा तोही दाराशी असायचाच.

*

पहिलं खरं पुस्तक खानसाहेबांनी आणलं. खानसाहेब म्हणजे स्टेशनवरचे निवृत्त पार्सल क्लार्क. रेल्वेच्या एका जुन्या गोऱ्या ड्रायव्हरच्या बंगल्यातलं सामान निघालं, त्यात त्यांना ते सापडलं. विलायतेत नाताळाच्या तोंडावर मुलांसाठी चित्रकथांचं जाडजूड पुस्तक निघतं, ॲन्युअल म्हणतात त्याला. हे तर महायुद्धाच्या आधीचं! मुखपृष्ठावर एक गोलमटोल मुलगा दोन्ही हातांनी केक खातोय आणि मागे छडीवाले मास्तर.

इंग्रजी एकाही पोराला येत नव्हतं. पण खानसाहेब चित्रांवर बोट ठेवून गोष्ट सांगायचे. त्यांच्या गोष्टीत तो मुलगा पूर्णेचा होता. नाव गब्रू. मास्तर म्हणजे तिकीट तपासनीस, आणि केक म्हणजे ताडकळसच्या बाजारातली जिलबी. सतरंजीवर पाय ठेवायला जागा नसायची.

एकदा खानसाहेब आजारी होते. मी म्हटलं, मी वाचतो. इंग्रजीतली खरी गोष्ट शब्दशः मराठी करून सांगितली. शेवटी रखमा नावाची पोरगी समजुतीनं म्हणाली, "दादा, तुमाला इंग्रजी कमी येतंय वाटतं. खानचाचाच्यात गब्रू पळून जातो."

*

मला कुणीतरी सांगितलं, असली पुस्तकं आता दुर्मिळ आहेत, शौकीन लोक वाटेल ती किंमत देतात. माझ्या डोळ्यांपुढे कपाट उभं राहिलं. एका इंग्रजी पुस्तकाच्या बदल्यात कपाटभर मराठी पुस्तकं! मुंबईच्या एका जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याला, पित्रे साहेबांना, मी पत्र टाकलं. उत्तर आलं. हैदराबादहून परतताना पूर्णेला उतरतो, संध्याकाळच्या गाडीनं पुढं जातो, तोवर प्रत नीट ठेवा, सगळं ग्रेडवर अवलंबून आहे. सोबत ग्रेड कशी ठरते तेही लिहिलं होतं. मी ते मामा आणि खानसाहेबांना वाचून दाखवलं.

"सगळ्यात वर फाईन. त्याच्या खाली व्हेरी गुड. त्याच्या खाली गुड."

"गुड म्हणजे अच्छा?" खानसाहेब.

"नाही. गुड म्हणजे झिजलेलं, डागाळलेलं."

"आणि व्हेरी गुड?"

"चालण्यासारखं."

"या अल्ला! मग खराबला काय म्हणतात?"

मी पत्र उलटलं. "सगळ्यात खालची ग्रेड... वाचायची प्रत."

मग मामा म्हणाले, "म्हंजी जे कुनी वाचलंच न्हाई, त्याला भाव जास्त?"

"हो मामा."

"भाकड म्हशीला दुभत्या म्हशीपेक्षा जास्त भाव! मुंबईचा बाजार लय येगळा हाय रे बाबा."

*

तरी मामांनी आपल्या पद्धतीनं ग्रेड काढून पाहिली. पुस्तक दोन्ही हातांनी उचलून वजन घेतलं. पाठीवरून अंगठा दाबत नेला. मग जबडा उघडावा तसं ते उघडून आत डोकावले.

"हाडानं चांगलं हाय. वय झालंय, पन दात शाबूत. उद्या बाजाराला काढायचं असंल तर अंगाला जरा तेल चोळू. शिंगाला लावतो तसं. चकाकतंय बघ कसं!"

त्यांच्या खिशातून बाटली निघेपर्यंत मी पुस्तक छातीशी धरून बाहेर पळालो होतो.

*

खानसाहेबांनी आपल्या पद्धतीनं उपाय केला. ॲन्युअल गोणपाटात शिवलं, सुतळी आवळली आणि गाठीवर लाखेचं सील मारलं. "अब कोई हाथ नहीं लगाएगा बेटा. पित्रे साहेब येतील, ते फोडतील."

दुसऱ्या दिवशी पोरं आली, गोणपाट बघून परत गेली. तिसऱ्या दिवशी आलीच नाहीत. सतरंजीवर मी, खानसाहेब आणि खतांची पत्रकं.

चौथ्या दिवशी रखमा दाराशी येऊन उभी राहिली. "दादा, ह्याला वाचनालय म्हन्तेत का गोडाऊन?"

सील खानसाहेबांनीच फोडलं. म्हणाले, "चाळीस साल नोकरीत एक सील तोडलं नव्हतं!" आणि चष्मा लावून गब्रू उघडला.

*

पित्रे साहेब आले. पांढरा सदरा, काखेत चामडी बॅग, खिशात भिंग. ॲन्युअल त्यांनी असं हातात घेतलं की मामासुद्धा हळूच म्हणाले, "मानूस कसबी हाय."

कणा पाहिला, कोपरे पाहिले, एकेक पान उलटलं. "आश्चर्य आहे. कोडी कुणी सोडवलेली नाहीत. फाटलेलं काही नाही. बोटांचे डाग आहेत, पण..." माझ्या डोळ्यांपुढे कपाट दिसायला लागलं.

मग त्यांनी अगदी पहिलं पान उघडलं. तिथं इंग्रजीत छापलं होतं, 'हे पुस्तक यांचं आहे', आणि खाली एक रेघ. रेघ एका मुलासाठी होती. आमच्या पानावर रेघ दिसतच नव्हती! रखमा, अन्वर, भीमा, दत्ता, शेवंता, मुनीर, पिराजी... रेघेवर, रेघेखाली, कडेनं, आडवी, उभी, पान भरून नावं. एकालाही आडनाव नव्हतं.

"हे काय?" पित्रे साहेबांनी विचारलं.

खिडकीत पोरांची गर्दी होती. पिराजी म्हणाला, "दादाच म्हनले, पुस्तक तुमचं हाय. म्हनून ल्हिलं."

पित्रे साहेबांनी बराच वेळ भिंग त्या पानावरून फिरवलं. मग बॅगेतून एक मऊ पांढरा खोडरबर काढून माझ्या तळहातावर ठेवला. "शिसपेन्सिल आहे. हलक्या हातानं खोडलंत तर ग्रेड वर जाईल. तुमचं कपाट भरेल. नाहीतर ही वाचायची प्रत. मी काही देऊ शकणार नाही."

माझ्या हातात रबर. पान समोर. एका बाजूला शंभरेक नवी पुस्तकं ह्याच पोरांसाठी, आणि दुसऱ्या बाजूला हीच पोरं.

शेवटी मी म्हणालो, "साहेब, नावं राहू द्या."

मामांनी माझ्या हातातला रबर उचलून स्वतःच्या खिशात टाकला. मग खांद्यावरचा रुमाल काढला.

*

ताडकळसच्या बाजारात जनावराचा भाव तोंडानं होत नाही. दोघं रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. बघणाऱ्याला काही कळत नाही.

"साहेब, हात आना," मामा म्हणाले.

"अहो, पण सौदा कसला? मी पुस्तक घेत नाहीये."

"आदी हात तर आना!"

पित्रे साहेबांनी बिचकत हात पुढे केला. वरून रुमाल पडला. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभे. मामांनी मान हलवली. पित्रे साहेब दचकले. मग त्यांनी मान हलवली. मामांनी "छ्या!" केलं. पित्रे साहेबांच्या कपाळावर घाम आला, मग ते गालात हसले, मग चक्क खदखदून हसले. मामांनी रुमाल झटकला.

"झालं!"

पित्रे साहेबांनी ॲन्युअल अलगद टेबलावर ठेवलं, दाराबाहेर गेले आणि मामांच्या बोकडाचं दावं सोडलं!

पुढे महिनाभरात मुंबईहून एक पत्र्याची ट्रंक आली, मराठी पुस्तकांनी गच्च भरलेली. बोकडाच्या भावात ती कुठल्याच हिशेबानं बसत नाही. ॲन्युअल आजही आमच्याच कपाटात आहे आणि त्यावरची नावं वाढतच आहेत. रुमालाखाली काय ठरलं, ते मी मामांना अनेकदा विचारलं. ते म्हणतात, "बोटातलं तोंडात आनायचं नसतं."

*

तर त्या संध्याकाळची गोष्ट. बोकड गार्डाच्या डब्यातून जायचा होता. पार्सल ऑफिसातला क्लार्क खानसाहेबांच्याच हाताखाली तयार झालेला, त्यामुळे लेखणी खानसाहेबांकडेच आली.

"साहेब, मालाची हालत काय लिहू?"

पित्रे साहेब प्लॅटफॉर्मवर गुडघा टेकून बसले. खिशातून भिंग काढलं. बोकडाची पाठ पाहिली. दोन्ही कान उलटून पाहिले. खूर पाहिले. पोरांसह सगळा प्लॅटफॉर्म गोळा झाला.

"कणा घट्ट," ते सांगू लागले. "कोपरे शाबूत. डाग नाहीत. कुणाचं नाव घातलेलं नाही. लिहा, फाईन."

"नाव हाय की!" मामा म्हणाले. "पोरांनी ठेवलंय. गब्रू."

पित्रे साहेबांनी भिंग सदऱ्याला पुसलं, खिशात ठेवलं आणि उभे राहिले.

"अरेरे!" ते म्हणाले. "मग फाईन खोडा. व्हेरी गुड लिहा."