अण्णा सीरियस आहेत, लगेच निघ

सोलापूर स्टेशनावर बंगळूरची गाडी हलायच्या आधी अण्णांनी खिडकीच्या गजांतून हात आत घातला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "हिकडची काळजी करायची न्हाय. हितं सगळं बरंच असनार हाय." मी बावीस वर्षांची होते. टेलिफोनच्या संशोधनाची नोकरी लागली होती, आणि मला वाटलं, बाप आशीर्वाद देतोय. आशीर्वाद कसला, तो घरच्यांना दिलेला हुकूम होता, आणि तो त्यांनी इमानेइतबारे पाळला. सोलापुरात राहिलेल्या माझ्या माणसांनो, हे मी तुमच्यासाठी लिहितेय. लिहिताना मला तुमचा राग येतोय, तेही आधीच सांगून ठेवते.

लांब गेलेल्याला वाईट कळवायचं नाही, ही आपली रीत. आत्याच्या यजमानांचा पाय ट्रकखाली गेला, ते मला दिवाळीला आल्यावर दारात कुबडी दिसली तेव्हा कळलं. आई म्हणाली, "तुला कळवून काय पाय परत येनार हुता व्हय?" ती रीत टिकली कशी, ते त्यातच आलं.

बंगळुरात भाषेचा त्रास झाला नाही. आईचं माहेर अक्कलकोटकडचं, कन्नड कानावर होतंच. त्रास दुसराच होता. प्रयोगशाळेत इंजिनिअर म्हणून बाई मी एकटी. पहिलं वर्षभर साहेबांनी मला दुसऱ्यांच्या आराखड्यांच्या नकला करायला बसवलं, माझं अक्षर चांगलं म्हणून. चहा आला की सगळे माझ्याकडे बघायचे, जणू कपात ओतायला मीच जन्माला आले होते. मी एक दिवसही ओतला नाही.

मग खेड्यांसाठी लहान टेलिफोन एक्स्चेंज बनवायचं काम निघालं. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की त्या यंत्राला एसीची खोली लागणारच. मी म्हटलं, एसी? आमच्याकडे, सोलापूरजवळच्या वैरागात, पंखा फिरायची मारामार असते. त्यावर मीटिंगमध्ये हशा पिकला. मी हट्टाला पेटले. कमी तापणारे भाग निवडले, हवा खेळती राहील अशी पेटी बदलली, गरम कपाटात घालून घालून ती यंत्रं भाजली, जळली की पुन्हा बनवली. दोन वर्षं गेली. शेवटी एप्रिलमध्ये वैरागातच, पत्र्याच्या छपराच्या खोलीत, ते एक्स्चेंज लावलं. माझ्याबरोबरचे म्हणाले, दुपारी दोनला बंद पडेल. दोन वाजले, चार वाजले, माणसं घामाने निथळली, यंत्र चालूच. आज गावोगाव बिनएसीची यंत्रं बघते तेव्हा त्या हसणाऱ्यांची तोंडं आठवतात आणि अजून बरं वाटतं.

तिथून पहिला फोन मी सोलापूरच्या नवी पेठेत, आमच्या घराखालच्या कापडाच्या दुकानात लावला आणि अण्णांना बोलवायला सांगितलं. "ऐकू येतंय का, अण्णा?" "येतंय की. शेजारी बसून बोलल्यागत." "आई कशीय?" "बरी हाय. सैपाक करतीय." आई त्या दिवशी टायफॉइडने दवाखान्यात होती. मी दोन तासांच्या अंतरावर, आणि मला हे सहा महिन्यांनी कळलं. इतका स्वच्छ आवाज पोचवायला मी जिवाचं रान केलं, आणि त्यावरून काय आलं तर थाप.

पुढे सोलापूरच्या घरीही फोन बसला. मी दर रविवारी करायचे. एका वर्षी तीन महिने अण्णा फोनवर आलेच नाहीत. कधी देवळात गेलेत, कधी मोहोळला लग्नाला गेलेत, कधी आत्ताच डोळा लागलाय. तारेतली खरखर ऐकून बिघाड कुठं आहे ते सांगणारी बाई मी, पण आईच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. मग माझ्या धाकट्या भावाचा, मधूचा फोन आला. "अण्णा सीरियस हायत, लगेच निघ."

त्या सबंध प्रवासात मी अण्णांना वाचवत होते. निघण्याआधी बंगळुरातल्या ओळखीच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं. वाडी जंक्शनच्या फलाटावरून त्यांना पुन्हा फोन केला, कुठलं हॉस्पिटल, कोण सर्जन, सगळं कागदावर लिहून घेतलं. तो कागद हातात धरून गल्लीत शिरले तर दाराबाहेर चपलांचा ढीग. अण्णा आदल्या दिवशीच गेले होते, मधूने फोन केला त्याच्याही आधी. मधू म्हणाला, "येवढ्या लांबनं एकटी येनार तू. खरं सांगितलं असतं आनि वाटंत तुला काय झालं असतं तर?" मी त्याच्याकडे तो कागद भिरकावला. तीन महिने अण्णा अंथरुणावर होते, तेवढे दिवस मला बापाजवळ बसता आलं असतं. ते तुम्ही माझ्यापासून काढून घेतलंत, आणि वर म्हणता, काळजीपोटी.

निवृत्तीनंतर सोलापुरात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि मी खेड्यापाड्याला बोलतं केलं असं भाषण. पुढच्या रांगेत आई आणि मधू टाळ्या वाजवत होते, आणि माझा तोल गेला. माईकवर सगळं सांगून टाकलं. म्हटलं, मी बनवलेल्या यंत्रावरून माझ्याच घरच्यांनी मला आयुष्यभर फसवलं. आईने पदर तोंडाला लावला. मधूने वर्षभर अबोला धरला. धरू दे, मी मनाशी म्हटलं.

गेल्या महिन्यात सकाळी त्याचा फोन आला. "ताई, आई गेली. सीरियस-बिरियस न्हाय, गेली. तू येस्तवर थांबतो." आणि फोन ठेवला.

मी बंगळूरहून गाडी करून निघाले. चित्रदुर्ग येईपर्यंत मला श्वास धड घेता येईना. होस्पेटच्या पुढे ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, पाण्याची बाटली दिली आणि "अम्मा, जरा बैठो" म्हणत दार उघडून उभा राहिला. मी रस्त्याकडेला ओकले. सबंध दिवसाची वाट, आणि करण्यासारखं काहीच नाही. फोन कुणाला करायचा, कागदावर काय लिहायचं? आई गेली, एवढंच घेऊन बसायचं. मागच्या वेळी निदान आशा तरी होती सोबतीला. हे कबूल करताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो, पण त्या रस्त्यावर मला वाटलं, मधू, खोटं सांगितलं असतंस तर बरं झालं असतं रे.

अंधार पडता पडता पोचले. मधू गल्लीच्या तोंडाशीच उभा होता, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याने माझी पिशवी घेतली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "वाटंत लई त्रास झाला का गं?"

मी म्हणाले, "न्हाय रे. झोप लागली हुती मला."

त्याने सुटकेचा श्वास सोडला. आणि मला माझा असा संताप आला, की त्या घरात पाऊल टाकताना मी त्या घरचीच आहे याबद्दल काही शंकाच उरली नाही.