पहारवाल्यांची सॉर्खा

ग्लेनबानमध्ये सगळेच मॅक्नेलिस. पाद्री मॅक्नेलिस, खाटीक मॅक्नेलिस, पोस्टमनसुद्धा मॅक्नेलिसच. आयर्लंडमधल्या डोनेगलच्या या कोपऱ्यात आडनावाला कोण विचारतो? माणूस ओळखायचा तो घराच्या टोपणनावाने. लाल्यांचा ओवेन, विणकऱ्यांची नॅन्सी. सॉर्खाचं घर तिच्या तोंडावर ‘टेकडीवरचं’ आणि पाठ वळली की ‘पहारवाल्यांचं’. चौऱ्याहत्तर वर्षांत ते कानावर येणार नाही, एवढी काही ती बहिरी नव्हती. या नावापायीच विणकऱ्यांच्या थोरल्याने तिच्याशी ठरलेलं लग्न मोडलं, आणि ती गाईंपाशी राहिली.

यंदा कॉर्मॅकच्या डोक्यात कुळाच्या मेळाव्याचं खूळ शिरलं. गावातलं एकुलतं हॉटेल त्याचं, तेव्हा कुळाचं प्रेम उतू जाणारच! देशोदेशींचे दोनशे मॅक्नेलिस येणार होते. सॉर्खाला सगळी घराणी तोंडपाठ, म्हणून स्वागताचं भाषण तिने वाचायचं.

कॉर्मॅकने लिहून आणलेला कागद तिने त्याच्यासमोरच वाचला. ‘आपले पूर्वज शूर सरदार. साहसाच्या ओढीने ते समुद्रापार गेले आणि आपलं नाव जगभर पसरलं.’

"साहस? तापाने फणफणलेली म्हातारी पाठुंगळी घेऊन भर थंडीत निघाले, ते साहस? शी! लिहिताना हात कसा झडला नाही रे तुझा?"

"अगं, लांबून येतात बिचारे, त्यांना रडगाणं कशाला? आणि झाकतोय ते तुझ्याच घराचं. उपकार मान!"

डोळा मिचकावून तो हसला. तिला त्याची किळस आली. त्याहून जास्त स्वतःची आली, कारण क्षणभर तिला बरं वाटलं होतं.

मेळाव्याच्या दिवशी तिने कागद चुरगळून खिशात कोंबला.

"सरदार-बिरदार कुणी नव्हतं," ती म्हणाली. "जमीनदाराला मेंढ्यांसाठी माळ मोकळा हवा होता. घरं पाडायला पहार एका मॅक्नेलिसनेच धरली. भावकीची अठरा घरं त्याने पाडली आणि बदल्यात टेकडी घेतली. तो माझा पणजोबा. तुम्ही जगभर पसरलात ते त्याच्यामुळे, आणि आम्ही इथे उरलो तेही त्याच्याचमुळे."

कॉर्मॅकने घाईघाईने वाजंत्र्यांना खुणावलं.

दाराबाहेर काठी टेकत एक म्हातारी तिच्या मागे आली. ऑस्ट्रेलियाची मर्ल. "आम्ही ओढ्याकाठचे, असं आजी सांगायची. त्यातलं काही उरलंय का हो?"

नाही म्हणणं सोपं होतं. सॉर्खाने तिला आपल्या गोठ्यात नेलं, गाय बाजूला सारली आणि खाली बोट दाखवलं.

"तुमच्या चुलीचा दगड. पणजोबाने फरशीला आणला. तेव्हापासून आमची गुरं यावर मुतताहेत."

मर्ल शेणात गुडघे टेकून बसली. सॉर्खा बादली आणि खराटा घेऊन आली, वाकली.

"तुम्ही हात लावू नका," मर्ल म्हणाली, आणि आपल्या कोटाच्या बाहीने दगड पुसू लागली.