दगडाला दगडी रंग

आमच्या गावाला पाणी आता नव्या टाकीतून येतं, म्हणजे बहुतेक दिवस येत नाही. जुन्या वॉटर वर्क्सची इमारत तेव्हापासून रिकामीच होती. मी चित्रकलेचा मास्तर. धुळ्याहून निवृत्त होऊन गावी परतलो आणि नगरपालिका ती पाडून तिथे गाळे काढणार असल्याचं कानावर आलं.

इमारत साहेबाच्या काळातली. घडीव काळा दगड, छपराला आधार देणाऱ्या सागवानी कैच्या, वर मंगलोरी कौलं. काम नुसतं पाणी गाळायचं, पण कमानी अशा उंच की आत हत्ती झुलावेत. एका कमानीचे दगड दुसरीपेक्षा नाजूक घडवलेले. पाथरवटांच्या दोन जोड्यांत पैज लागली असावी. मी चित्र काढायला शिकलो ते तिथल्या पायरीवर बसून. ती पडली असती तर घरातलं माणूस गेल्यासारखं झालं असतं, हे उघडच सांगतो.

मग वर्षभर नगरपालिकेचे उंबरे झिजवले. अध्यक्षांना सांगितलं, मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं, चहा आणणाऱ्यालाही सांगितलं. ‘दगड हेच तिचं सौंदर्य’ हे मी इतक्या वेळा म्हटलं की लोक मला लांबून पाहूनच गल्ली बदलत. शेवटी ठरलं: पाडायची नाही, सुशोभीकरण करायचं. त्या शब्दाला मी घाबरायला हवं होतं. मी पेढे वाटले.

जळगावला मुलीकडे जाऊन आलो, तोवर काम उरकलं होतं. छिन्नीचे घाव मिरवणारा तो काळा दगड काळ्या ऑइलपेंटनं चकाचक केला होता. वर पट्टी धरून पांढऱ्या रेघा ओढून नवे दगड पाडले होते. खऱ्या सांध्याशी एकही रेघ जुळत नव्हती. मला रडू यायचंच बाकी होतं. अध्यक्ष म्हणाले, “सर, तुमच्या शब्दाखातर केलं. आता कशी दगडी वाटते.” शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कारही झाला. फोटोत मी हसतो आहे.

परवा शेजारच्या तालुक्यातून एक म्हातारे आबा घरी आले. त्यांच्या गावातही अशीच दगडी इमारत आहे, तीही पाडायला काढलेली.

“आमनी बी आशीच करानी शे, सर,” ते म्हणाले. “त्या पेंटरना नंबर द्या.”

मी त्यांना बसवलं, चहा दिला. मग म्हणालो, “आबा, तुमची पाडूनच टाका.”