खाडीच्या तोंडावरचा दिवा

अमेरिकेत, पिस्कॅटवे गावातल्या मराठी मंडळींना आपण दीपगृहांवर पीएचडी करतो असं सांगून बघा. मग एखादी काकू विचारते, म्हणजे लाइटहाउस डिझाइन करतेस का? नाही हो काकू, इतिहास. इंग्रजांच्या राज्यात दीपगृहांना तेल पोचवणाऱ्या सरकारी आगबोटीचा खर्च कुणी करायचा, यावरून जी भांडणं झाली त्यांचा इतिहास. यावर काकू दया आल्यासारखी माझ्या ताटात आणखी एक पुरी वाढते आणि तिच्या भाच्यानं कोडिंग शिकून सहा महिन्यांत कसा जॉब मिळवला ते सांगते. पाच वर्षं मी या पुऱ्या खाते आहे आणि पाच वर्षं माझं डोकं फिरतं आहे.

भांडण असं होतं. कोकणात एका खाडीच्या तोंडाशी, खडकावर, एक छोटा दिवा होता. त्याला आणि किनाऱ्यावरच्या आणखी दिव्यांना तेल, वाती, काचा पोचवायला एक जुनी आगबोट होती. तिचा बॉयलर गेला. झालं! इलाख्याचं सरकार म्हणालं, इथून साऱ्या देशाची जहाजं जातात, तेव्हा नवी बोट वरच्या सरकारनं द्यावी. वरचं सरकार म्हणालं, जहाजांकडून दिव्यांची पट्टी तुम्ही गोळा करता, मग बोटही तुम्हीच घ्या. आरमारवाले म्हणाले, आम्ही लढायला आहोत, तेलाचे डबे वाहायला नाही. बंदरवाल्यांनी तर दिवा आमच्या हद्दीबाहेर आहे म्हणून सरळ हात वर केले. प्रत्येक जण कागदावर दोन ओळी खरडून तो पुढच्याकडे अभिप्रायासाठी पाठवायचा. पुढचा सहा महिन्यांनी अभिप्राय द्यायचा की हा विषय आमचा नाही. आणि बोट धक्क्याला गंजत पडलेली.

हे सगळं वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यात माझं स्वतःचंही घोंगडं भिजत पडलं होतं. सहाव्या वर्षाचा माझा पगार इतिहास विभागानं द्यायचा की त्यांच्या शेजारच्या संशोधन केंद्रानं, यावर दोघांच्या इ-मेल चालू होत्या. शेवटी एवढं ठरलं की सेमिस्टर संपायच्या आत माझा आगबोटीचा चॅप्टर प्राध्यापकांच्या समितीनं पास केला, तर पगार मिळेल. नाही केला तर नाही. पगार नाही म्हणजे स्टुडंट व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही म्हणजे पीएचडी अर्धवट टाकून नाशिकला परत. सोमवारी चॅप्टर द्यायचा होता.

चॅप्टर तयार होता. त्यातलं एक वाक्य माझं फार लाडकं होतं: सरकारं भांडत बसली आणि दोन हंगाम ती खाडी अंधारात राहिली. हे मी मनानं रचलेलं नव्हतं. बोट मिळेपर्यंत दिवा बंद समजावा, असं एका साहेबानं फायलीत स्वच्छ लिहिलं होतं. बंद समजावा म्हणजे बंद. माझ्या अॅडव्हायझर बाईंना ते वाक्य इतकं आवडलं की शेजारी एखादं जुन्या कागदाचं चित्र टाक, असं त्यांनी सुचवलं. मी माझ्या स्कॅनमधून दिसायला सुंदर असा एक कागद शोधला. मोडीत लिहिलेला अर्ज, झरझर धावणाऱ्या ओळी, आणि खाली शाईचं एक वेडंवाकडं वर्तुळ.

मला मोडी येत नाही. मराठीत वाढले, मराठी किनाऱ्यावर प्रबंध लिहिते आणि मोडी येत नाही, हे मी कुणाला फारसं सांगत नसे. लागतही नव्हती. अशा प्रत्येक अर्जाला एखाद्या कारकुनानं इंग्रजीत एका ओळीचा सारांश जोडलेला असतो. आम्ही सगळे तोच वाचतो, नोंद करतो आणि पुढे जातो. या अर्जाचा सारांश होता: तेलाबाबत एका रहिवाशाची विनंती, दप्तरी दाखल. मी तीन वर्षांपूर्वी तो वाचला आणि पुढच्या इंग्रजी पत्राकडे वळले.

शनिवारी सकाळी मी आमच्या बिल्डिंगच्या लॉन्ड्री रूममध्ये कपडे लावून बसले होते. चॅप्टरचे कागद मांडीवर, वर तो अर्ज. शेजारच्या मशीनशी एक काका झटापट करत होते. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते, चिपळूणकडचे. पैसे भरायचं कार्ड उलटं घालत होते. मी सुलट घालून दिलं. त्यांनी थँक्यू म्हणता म्हणता माझ्या मांडीकडे पाहिलं आणि चष्मा वर सरकवला. आयुष्यभर भूमि अभिलेख खात्यात नोकरी झाली होती त्यांची. जमिनीचे जुने कागद मोडीतच असतात, त्यामुळे ती त्यांना वर्तमानपत्रासारखी येत होती. विचारलंही नाही, कागद उचलला आणि मशीनच्या घरघरीत वाचायला सुरुवात केली.

पहिल्या दोन ओळींनंतर त्यांनी मला विचारलं, ही बाई कोण? मी म्हटलं, कुठली बाई? त्यांनी खालच्या वर्तुळावर बोट ठेवलं. ते मला इतके दिवस दौतीच्या बुडाचा डाग वाटत होतं. काका म्हणाले, अहो ही बांगडी. सही न येणारा शेतकरी नांगर काढायचा, बाई असली की बांगडी. शेजारी लिहिलंय की निशाणी बांगडी. मला एवढंही माहीत नव्हतं. मी मान डोलावली, जणू माहीत होतं.

मग त्यांनी अर्ज मला साध्या मराठीत सांगितला. दिवा लावायच्या नोकरीवर होता तो तिचा नवरा. तो वारला. तेव्हापासून दिवा तीच लावते. दोन हंगाम सरकारचं तेल आलं नाही, तर तिनं घरचं खोबरेल घातलं. रोज लावला, एक दिवस चुकला नाही. आता तिच्याकडचे नारळ सरले. पगाराबद्दल अर्जात अवाक्षर नव्हतं. शेवटच्या ओळी मात्र काकांनी जशाच्या तशा वाचल्या, आणि त्यांचा आवाज आपोआप खाली आला.

"तेल पाठवावे. नाहीतर दिवा बंद करावा असा हुकूम तरी पाठवावा, म्हणजे होड्यांना सांगता येईल. होड्या दिव्याच्या भरवशावर येतात."

दोन हंगाम खाडी अंधारात नव्हतीच. साहेबानं बंद समजावा लिहिलं, मीही समजले. माझ्या चॅप्टरचा कणा मोडला होता, सोमवार दोन दिवसांवर होता, आणि काका शांतपणे विचारत होते, "मग हुकूम गेला का तिला?"

घरी येऊन मी ती फाइल पुन्हा पहिल्यापासून उघडली. अर्जानंतर बोटीबद्दलची पत्रं होती, ढीगभर. तेलाचं नाव नव्हतं. त्या बाईचं तर नव्हतंच. दिवसभर शोधलं. इतका संताप आला की मी लॅपटॉप दणकन मिटला. साहेबांना मराठी येत नव्हती, त्यांचं एक समजू शकतं. मला काय झालं होतं? तीन वर्षं तो कागद माझ्याजवळ होता आणि मी तो शोभेसाठी निवडला!

रविवारी अॅडव्हायझर बाईंना फोन केला. त्या भल्या आहेत, माझ्यासाठी भांडल्याही आहेत. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, विलक्षण सापडलंय तुला, पण यावरून चॅप्टर नव्यानं लिहायला सहा महिने लागतील. आत्ता तळटीप टाक. आधी इथे टिकून राहा, मग पुस्तकात दुरुस्त कर. मी वाद घातला, पण अर्ध्या मनानं. माझ्या डोळ्यांपुढे नाशिकचं विमान होतं. मी तळटीप लिहिली, दीड ओळीची: स्थानिक पातळीवर दिवा काही काळ अनौपचारिकपणे चालू असावा, असे एका अर्जावरून दिसते. असावा म्हणे! एक दिवस चुकला नाही असं ती सांगत होती आणि मी लिहिलं, असावा.

समितीनं चॅप्टर पास केला. एका प्राध्यापकांनी खाडी अंधारात राहिल्याचं ते वाक्यच मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, यात सगळं आलं. तळटीप कुणी वाचली नव्हती. मी थँक्यू म्हणाले. पगार चालू झाला.

काका परत जायच्या आदल्या दिवशी पार्किंगमध्ये भेटले. मुलगा बॅगा गाडीत चढवत होता. काकांनी मुद्दाम थांबून विचारलं, हुकूम सापडला का. नाही म्हटलं. ते म्हणाले, असू दे, निदान तुम्ही तरी तिचं लिहिलंत. माझ्या घरच्यांना सांगितलंय मी, अमेरिकेत एक मुलगी त्या बाईवर पुस्तक लिहिते आहे. कुठे आहे ती, दाखवा तरी.

टाळता आलं असतं. पण बॅगेत लॅपटॉप होता आणि ते चष्मा पुसून तयार उभे होते. मी गाडीच्या बॉनेटवर पान उघडून ठेवलं. ते वरपासून इंग्रजी अक्षरं लावत सावकाश खाली येऊ लागले. अर्ध्यावर मलाच राहवेना. मी पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

ते वाकून बघत राहिले.

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.