आमच्या ऋताचे रेकॉर्ड

कोणी नावारूपाला आलं की त्याचे किस्से आपोआप जमत जातात, न बोलावलेल्या पाहुण्यांसारखे. आमच्या नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या मराठी मंडळींत हल्ली कोणाच्याही वाढदिवसाला जा, केक कापून होईपर्यंत एक तरी जण म्हणतोच, "ऋता ना? अहो, आमच्या डोळ्यांसमोर वाढलेली पोर!" ती वाढत होती तेव्हा या मंडळींचे डोळे कुठे होते, ते मला चांगलं माहीत आहे.

मी सुचेता. ऋताचा बाबा श्रीकांत माझ्याच कंपनीत, आणि आई अनघा माझ्या शेजारी. अनघाला गाडी चालवायची धास्ती आणि श्रीकांतला शनिवारची झोप प्यारी, त्यामुळे ऋताला बास्केटबॉलच्या मॅचला नेण्या-आणण्याचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे होतं. हॉलच्या बाकावर डच आयांच्या शेजारी बसून बसून मला डच भाषा आली. कंपनीच्या क्लासमध्ये आली नव्हती. ऋताला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्येच येतं. इथल्या बहुतेक मुलांचं तसंच आहे.

लोक मला म्हणतात, तू तर तिची मावशी, सांग ना तिचे किस्से. मी सांगते. मग ते विषय बदलतात.

*

अकरा वर्षांची असतानाच ऋता आईच्या डोक्यावरून पलीकडचं बघायला लागली होती. गणपतीच्या कार्यक्रमात एका काकूंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि अनघाला म्हणाल्या, "हिला आता थांबव बाई. एवढा उंच मुलगा कुठून आणणार आहेस?" सगळ्या हसल्या. अनघाही हसली, पण दुसऱ्याच दिवशी तिने फॅमिली डॉक्टरची वेळ घेतली. बोलायला म्हणून मला सोबत नेलं.

उंची थांबवायची काही गोळी असते का, असं अनघाने मला विचारायला लावलं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या खुर्चीतून उठल्या. उठल्या म्हणजे काय, उठतच राहिल्या. ऋता त्यांच्या खांद्यालाही जेमतेम लागत होती.

"आपण नक्की कुठल्या आजाराबद्दल बोलतोय?" त्यांनी विचारलं.

मी ते मराठीत सांगितलं. अनघाने पर्स उचलली. परत येताना आम्ही तिघी सायकलवर होतो. सिग्नलला थांबल्यावर ऋता माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, त्या डॉक्टरांचं लग्न झालंय का?"

मी म्हटलं, माहीत नाही गं.

"विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

*

श्रीकांत ऋताच्या एका मॅचला आला होता. एकाच. ती तिच्या आयुष्यातली पहिली मॅच होती. गावातला छोटा क्लब, समोरचा संघ तसाच कच्चा. ऋताच्या हातात बॉल आला, ती जिवाच्या आकांताने पळाली, उडी मारली आणि सुरेख बास्केट केला. स्वतःच्याच संघाच्या रिंगमध्ये.

तिच्या संघातल्या मुली हसल्या नाहीत. कोच विलेमेनने टाळी वाजवून, "सुंदर शॉट, आता हाच तिकडे!" म्हणून तिला दुसऱ्या बाजूला बोट दाखवलं. पण श्रीकांत हसला. मोठ्याने, मांडीवर हात मारून. सगळ्या हॉलमध्ये त्याचं एकट्याचंच हसू ऐकू येत होतं.

सोमवारी कँटीनमध्ये त्याने तो किस्सा सांगितला. मग पार्टीत सांगितला, मग पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना सांगितला. दरवेळी ऋता तिथे असायची. पुढे तिचं नाव पेपरात येऊ लागलं, लोक अभिनंदन करायला यायचे, तेव्हाही त्याची सुरुवात ठरलेली असायची, "अहो, हिचा पहिला बास्केट माहीत आहे का?"

त्याच्याकडे सांगायला तेवढाच किस्सा होता. बाकीच्या मॅचेस त्याने पाहिल्याच नव्हत्या.

*

इथे बारा वर्षांचं पोर पुढे कुठल्या शाळेत जाणार, ते शाळेतल्या बाई ठरवतात. सगळ्यात वरच्या शाळेचं नाव निघालं की आपल्याकडे पेढे वाटतात. ऋताला एक पायरी खालची शाळा मिळाली. तेवढ्याने अनघाने महिनाभर कोणाचे फोन घेतले नाहीत.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाने दिवाळीला गुणवंत मुलांचा सत्कार ठेवला. वरच्या शाळेत गेलेली पाच मुलं स्टेजवर रांगेत उभी. ऋतालाही अध्यक्षांनी आवर्जून लवकर बोलावलं होतं. का, तर हॉलमध्ये शिडी नव्हती. "गुणवंतांचे हार्दिक अभिनंदन" हा बॅनर ऋताने टाचा वर करून एकटीने लावला.

अध्यक्ष खूश झाले. म्हणाले, "बघा, उंचीचा उपयोग झाला की नाही?"

*

सतराव्या वर्षी तिला ग्रोनिंगनच्या एका प्रोफेशनल क्लबने घेतलं. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. पहिल्या काही महिन्यांतच ती लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट्स करणाऱ्या मुलींत जाऊन बसली. इतक्या लहान वयात असं कोणी केलं नव्हतं म्हणे. पेपरात "भारतीय वंशाची" असा शब्द छापून आला आणि आमच्या ग्रुपवर एकदम जाग आली. त्या क्लबची मॅच आमच्या शेजारच्या गावात होती. अध्यक्षांनी जाहीर केलं, सगळ्यांनी जायचं. चौदा-पंधरा जण आले. भगवे फेटेही आणले होते.

खेळ सुरू झाला. नियम कोणालाच माहीत नव्हते, त्यामुळे आमची मंडळी चुकीच्या वेळी ओरडत होती. आजूबाजूचे डच लोक कौतुकाने बघत होते. ऋताने एकदाच वर पाहिलं, बाबा आहे का म्हणून. मी मानेनेच नाही म्हटलं.

मध्यंतरात कोणाच्या तरी लक्षात आलं की बिर्याणी सांगून ठेवली आहे आणि ते रेस्टॉरंट लवकर बंद होतं. एक गाडी निघाली म्हणून दुसरी निघाली. फेट्यांसकट सगळे गेले. अनघालाही त्यांच्याच गाडीतून जावं लागलं, तिची उद्या सकाळची शिफ्ट होती. शेवटी तिथे मी एकटी उरले.

आणि मग त्या मुलीने जे काही केलं! लांबून टाकावा, आत जावा. दोघी अंगावर आलेल्या असताना टाकावा, आत जावा. समोरच्या संघाचे लोकही उभे राहिले. शेवटची शिट्टी झाली तेव्हा लाउडस्पीकरवर सांगितलं, की एका मॅचमधल्या पॉइंट्सचा लीगचा रेकॉर्ड तिने मोडला आहे.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो आला. फेटे बांधलेली मंडळी, मागे कोर्ट, खाली ओळ, "ऐतिहासिक क्षणाचे साक्षीदार." फोटो मध्यंतराच्या आधीचा होता. ऋताने त्याला अंगठा दिला. बास.

*

सीझन संपता संपता तिने आणखी एक रेकॉर्ड केला. पहिल्याच सीझनमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट्स. आधीचा रेकॉर्ड मारियान नावाच्या बाईंचा होता, फार जुना. क्लबने त्यांना बोलावून त्यांच्या हस्ते ऋताला बॉल द्यायचं ठरवलं. मी आणि अनघा पहाटेच्या गाडीने ग्रोनिंगनला गेलो होतो.

मारियानबाई साध्या स्वेटरमध्ये आल्या. आता एका शाळेत गणित शिकवतात. त्यांनी ऋताला जवळ घेतलं, फोटो झाले, टाळ्या झाल्या. नंतर खाली कॉफीच्या मशीनपाशी त्या ऋताशी बोलत होत्या, ते मी ऐकलं.

"दरवर्षी कोणी ना कोणी माझ्या रेकॉर्डच्या जवळ यायचं," त्या म्हणाल्या. "मग पेपरवाले मला फोन करायचे, काय वाटतं विचारायचे. वर्षातून तेवढाच एक फोन. आता तो तुला येईल."

ऋताने सॉरी म्हटलं.

"नको गं. पण पहिल्यांदा येईल ना, तेव्हा घरी कोणी तरी असेल असं बघ."

*

त्यानंतर नॅशनल टीमचं बोलावणं आलं. त्यासाठी डच पासपोर्ट लागतो, आणि तो घेतला की भारताचा सोडावा लागतो. ऋताला अठरा पूर्ण झाली होती, सही तिची तिलाच करता येत होती. तरी ती विचारायला घरी आली. मी तेव्हा त्यांच्याकडेच जेवायला होते.

श्रीकांतने ताट बाजूला सारलं. इतकी वर्षं इथे राहून त्याने स्वतःचा पासपोर्ट बदलला नव्हता, त्याचा त्याला अभिमान होता. बराच वेळ तो बोलत राहिला. आजोबांबद्दल बोलला, मातीबद्दल बोलला. एका चेंडूपायी माणूस देश सोडतो का, असं म्हणाला. अनघा नुसती पोळीचे तुकडे करत होती.

ऋताने सगळं ऐकून घेतलं. मग उठली आणि कपाटातून त्याचा पासपोर्ट काढून आणला. पानं उलटत म्हणाली, "बाबा, किती शिक्के आहेत यात. अमेरिका, तैवान, कोरिया. ग्रोनिंगनला यायला शिक्का लागत नाही."

तिने तो त्याच्यासमोर ठेवला. पासपोर्ट तसाच भाजीच्या वाटीशेजारी पडून राहिला.

नगरपालिकेतल्या शपथविधीला मी आणि अनघा गेलो. अनघाने ऋतासाठी नवीन सलवार-कमीझ शिवून आणली होती. बाह्या तोकड्या झाल्या.

*

नॅशनल टीमचा कॅम्प सुरू व्हायला थोडेच दिवस होते. मास्ट्रिख्टला मॅच होती. ऋता बास्केट करून खाली आली आणि तिचा गुडघा आतल्या बाजूला वळला. कोणी धक्का दिला नव्हता. ती ओरडलीही नाही, फक्त फरशीवर हात आपटत राहिली. कितीतरी दिवस मला तो आवाज कानात ऐकू यायचा.

ऑपरेशन झालं. ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला. कोणी हळदीचा लेप सांगितला, कोणी एरंडेल सांगितलं. त्या गणपतीतल्या काकूंनी लिहिलं, "रेकॉर्ड तर झालेच ना, आता मास्टर्स करून टाक." त्याला बावीस जणांनी नमस्कार पाठवले.

श्रीकांत हॉस्पिटलमध्ये आला होता. रजा टाकून आला होता, ते मी सांगायला हवं. काचेतून आत झोपलेल्या ऋताकडे तो खूप वेळ बघत उभा राहिला. मला वाटलं आता हा रडणार. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तो म्हणाला, "पासपोर्ट उगाच गेला."

*

आणि आता मागच्या दिवाळीचं.

मंडळाने ऋताचा सत्कार ठेवला. हॉल गच्च भरला होता. निम्मी मंडळी दोन-तीन वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईहून आलेली, आयटीतली, त्यांना डच कळत नाही. बाकीच्यांचं डच दुकानापुरतं. पुढच्या सतरंजीवर त्यांची आणि आमची पोरं बसलेली, त्यांना सगळं कळतं. ऋता काठी न घेता स्टेजवर चढली. अध्यक्ष म्हणाले, दोन शब्द मराठीतून बोल. ऋता म्हणाली, मला डचमध्ये नीट बोलता येईल. मग अध्यक्षांनी कौतुकाने श्रीकांतला वर बोलावलं, की बाबांनीच मराठीत सांगावं. लोकांना ते फारच आवडलं.

बापलेक शेजारी शेजारी उभे राहिले. दोघांच्या हातात एकेक माइक.

ऋता म्हणाली, मला बोलावलंत, आभारी आहे. श्रीकांतने ते सांगितलं.

मग ती म्हणाली, मागच्या आठवड्यात सर्जनने शेवटचं सांगितलं. या गुडघ्यावर मी चालेन, सायकल चालवेन. खेळू शकणार नाही.

मी अनघाकडे पाहिलं. ती नेहमीसारखी हसत स्टेजकडे बघत होती, तिला एवढं डच येत नाही. श्रीकांतला येतं. त्याने हे आत्ताच पहिल्यांदा ऐकलं, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. त्याने माइक तोंडाजवळ नेला, खाली घेतला, परत वर नेला.

"ती म्हणते, गुडघा आता बरा आहे."

टाळ्या पडल्या. ऋता त्याच्याकडे वळून बघायला लागली. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मी थांबले आहे. आता कोणी तरी माझे रेकॉर्ड मोडावेत. मी पुन्हा कोर्टवर जाणार नाही."

श्रीकांत म्हणाला, "ती म्हणते, पुढच्या सीझनमध्ये मी परत खेळणार आहे. याहून मोठा रेकॉर्ड करणार आहे."

हॉल दणाणला. फक्त पुढच्या सतरंजीवरची पोरं टाळ्या वाजवत नव्हती. ती एकमेकांकडे बघत होती. अध्यक्ष शाल घेऊन पुढे झाले. ऋताने हाताने त्यांना थांबवलं. तिने माइक खाली ठेवला नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, स्वच्छ मराठीत. "परत एकदा सांगा."

या वेळी श्रीकांतने लोकांकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं. 'ती म्हणते' हे शब्दही गाळले.

"पुढच्या सीझनमध्ये ऋता परत खेळणार आहे."

लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. माइक काखेत धरून, बाबाकडे बघत ऋतानेही वाजवल्या.