फुटक्या खापरावरचा मांडा

आमच्या द्रौपदासारखा मांडा अख्ख्या चोपडा तालुक्यात कुणी टाकत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पुरण भरलेला कणकेचा गोळा ती लाटत नाही. हातांवर खेळवत खेळवत पार कोपरापर्यंत वाढवते आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडते. उपरण्याएवढा मांडा, पण पुरणाचा कण बाहेर डोकावणार नाही!

पोर आमच्या असोद्याची, दिली चोपड्याला. अडुसष्ट सालापर्यंत तिथं तिला कोण ओळखत होतं? लग्नाकार्यात मांडे हिचे आणि नाव थोरल्या जावेचं, लिलाबाईचं. त्या वर्षी भाद्रपदात दीपचंद शेठच्या घरची मंडळी रविवारी मनुदेवीच्या धबधब्यावर निघाली. शेठाणी प्रेमकुंवरबाईंनी द्रौपदालाच बोलावलं.

"मारवाडातून पाहुणे आलेत. धबधब्यापाशी गरम मांडे खाऊ घाल. जमलं, तर आमच्या लेकीच्या, कुसुमलताच्या लग्नाचं काम तुझं. तुझ्याच नावावर."

बस्स. द्रौपदाला तेवढंच हवं होतं.

ट्रक आडगावापर्यंत गेला. पुढे सागाचं रान आणि नाल्यातले निसरडे गोटे. खापर तिने कुणाच्या हाती दिलं नाही, चुंबळ करून स्वतःच्या डोक्यावर नेलं. मदतीला लिलाबाई होतीच, तोंड वाकडं करून.

धबधबा भरात होता. लिलाबाईने कपारीखालची कोरडी जागा दाखवली. "चूल आठे मांड."

"तठे मना मांडा कोन देखी?" म्हणत द्रौपदाने चूल मांडली ती थेट धारेसमोर, पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे. आमच्या घराण्याचा स्वभावच तो. दहा जणांनी पाहिल्याशिवाय आम्हाला केलेलं केल्यासारखं वाटत नाही.

खापर चांगलं तापलं. पहिला गोळा हातावर चढला आणि वारा फिरला. धबधब्याचे तुषार सपकन तापल्या खापरावर. तडाड! उभे दोन तुकडे. धाकटा तुकडा जाळातच घसरला.

मग एक पाहुणा हळूच म्हणाला, "डब्यात पुऱ्या आहेत ना?"

"झायं मांडास्नं!" लिलाबाई पुटपुटली. "आते पोळ्या लाट."

"लाटणं लयेल नही, अक्का."

"मंग काय करशी?"

"मांडाच करसू."

दोन लाकडांच्या चिमट्यात तिने मोठा तुकडा उचलला आणि कपारीखाली नेला. तीन दगड लावून नवा जाळ केला. पण खापर उरलेलं अर्धं आणि मांडा पुरा. पहिला टाकला तो लोंबला, फाटला, पुरण जळून धूर झाला.

"धाकला कर ना जरा," लिलाबाई म्हणाली. आता तिचा आवाज उतरला होता.

"धाकला करा तर ती पोळीच व्हई."

दुसरा मांडा तिने हातावर घेतला. अर्धा खापरावर सोडला, अर्धा डाव्या हातावर तसाच तोलून धरला. जाळ मनगटाला चाटत होता. पाहुणे खापराकडे बघायचे सोडून तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने ओठ आवळले, पण हात हलू दिला नाही.

"अक्का, हात पुढे करा."

लिलाबाईने पदर ओला करून हातांवर पसरला. भाजलेला अर्धा भाग सरकत तिच्या हातांवर आला, कच्चा अर्धा खापरावर गेला. दोन्हीकडे दोन जावा, खाली जाळ. मांडा अखंड उतरला.

मग दोघी थांबल्याच नाहीत. पंगत उठेपर्यंत मांडे उतरत राहिले. प्रेमकुंवरबाईंनी तुपाचं बोट चाटलं आणि म्हणाल्या, "लग्नाला खापरं दोन आण हं, द्रौपदाबाई."

बाई! नावापुढे, तेही शेठाणीच्या तोंडून!

"तीन आनसू," द्रौपदा म्हणाली. "अन् चूल आडोशाले."

भाजल्याचा डाग तिच्या डाव्या मनगटावर अजून आहे. नव्या गावात मांडे टाकायला बसली की बांगड्या वर सारते आणि आधी तो डाग सगळ्यांना दिसू देते.